अंडे कोणत्या कोंबडीचे?

मालेगाव-भिवंडीच्या मोहल्ल्यांत मागांच्या खटखटाटाबरोबर कोंबड्यांचा आवाजही ऐकू येतो. घरची बाई पाच-दहा गावरान कोंबड्या पाळते आणि अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च काढते. हाही धंदाच आहे, आणि धंदा म्हटला की तपास आणि हिशेब आलाच.

एखाद्या सकाळी खुराड्यात बिनकवचाचे, मऊ अंडे सापडते. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी सर्वांत म्हाताऱ्या कोंबडीवर सुरी चालवायला सांगतो. अंडे कोणाचे, हे कोणी पाहत नाही. वास्तविक हे शोधणे मुळीच अवघड नाही.

प्रथम कोंबडीच्या ओटीची दोन हाडे चाचपावीत. त्यांत दोन-तीन बोटे मावली तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक मावले तर नाही. निम्मा कळप येथेच सुटतो. उरलेल्यांच्या मागच्या बाजूस, अंडे बाहेर येते तेथे, खाण्याचे वेगवेगळे रंग लावावेत. अंड्यावर ज्या रंगाची रेघ उठेल, ती कोंबडी. कवचच नसेल तर रेघेचा भरवसा नाही. मग संशयित कोंबडीला तीन-चार दिवस वेगळ्या टोपलीखाली ठेवावे. एका अंड्याला 24 ते 26 तास लागतात आणि मधून एखादा दिवस खाडाही पडतो, म्हणून एका दिवसात फैसला करू नये.

सापडली तरी सुरी काढण्याची घाई नको. तलंग नुकतीच अंड्यावर आली असेल तर पहिली काही अंडी लहान, मऊ किंवा दोन बलकांची निघतात आणि पुढे आपोआप सुधारतात. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. शिंपल्याचा चुरा ठेवला की पुष्कळदा काम भागते. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, तेव्हाही कवच पातळ होते.

मात्र सर्वच कोंबड्या एकदम पातळ अंडी घालू लागल्या, तर ऐब कोंबडीत नाही. दाणा तपासावा, पाणी तपासावे. सोबत अंडी घटली, कोंबड्या सुस्तावल्या तर मानमोडीसारखा रोग असू शकतो. तेव्हा जनावरांचा डॉक्टरच गाठावा.

हाच हिशेब आमच्या कापडाच्या धंद्याला लावून पाहा. शंभर ताग्यांत चार खराब निघाले की पेढीवर सर्व मालाचा भाव पाडला जातो. कारखानदार तीच खोट सर्व कारीगरांच्या मजुरीतून वसूल करतो. ज्याचा तागा बिनडाग होता त्याचेही पैसे कापले जातात. पुढच्या खेपेला त्याने मन लावून का विणावे? एका मागाचा तागा खराब असेल तर त्या मागाकडे आणि त्याच्या कारीगराकडे पाहावे. सर्व मागांवर तार तुटत असेल तर दोष सुताचा आहे, आणि ते सूत मजुराने नव्हे, मालकाने खरेदी केलेले असते. त्याची खोट मजुराने का भरावी?

यासाठी मोठे भांडवल लागत नाही. प्रत्येक ताग्याच्या टोकावर मागाचा नंबर, पाळी आणि तारीख लिहावी आणि वहीत नोंद ठेवावी. तपास झाल्याशिवाय कटौती करू नये. व्यापाऱ्यांनीही ऐबी तागा बाजूला काढून त्याचाच भाव ठरवावा, बाकी मालाला हात लावू नये.

एकाच्या कसुरीची सजा दुसऱ्याला नाही, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती मशिदीत ऐकायची आणि पेढीवर विसरायची, हे बरे नव्हे. आठ कोंबड्यांतून एक ओळखण्याइतका सब्र घरची बाई दाखवू शकते, तर तेवढा सब्र आपण व्यापारी आणि कारखानदारांनी कारीगराच्या बाबतीत दाखवायलाच हवा.