आजीची पात्रता कोणी ठरवावयाची?

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन हिच्या शेजारी वाइनुइओमाटा नावाचे उपनगर आहे. १९८२ साली तेथे एक बालशाळा सुरू झाली. तिच्यात अक्षरओळखीची घाई नव्हती, शिकवणाऱ्यांची निवड पदवी पाहून झालेली नव्हती, आणि मुख्य नियम एकच होता. उंबरठ्याच्या आत माओरीखेरीज दुसऱ्या भाषेचा शब्द काढावयाचा नाही. ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेचे घरटे, असे तिचे नाव. या घरट्यात मुलांना सांभाळावयास बसल्या त्या आज्या. अवघ्या अकरा वर्षांत, म्हणजे १९९३ पर्यंत, अशा बालशाळांची संख्या ८०० च्या वर गेली आणि त्यांत १४ हजारांहून अधिक मुले येऊ लागली. सरकारी योजना म्हणून आखलेले फारच थोडे उपक्रम अशा वेगाने पसरले असतील.

आज्यांचीच गरज का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या आणि शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्लेल्या पिढ्या त्यातून निपजल्या. तरीही गावाकडे घरची भाषा टिकून होती. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी कुटुंबे रोजगारासाठी शहरांकडे लोटली, तेव्हा तोही आधार सुटला. उपलब्ध आकड्यांनुसार १९१३ मध्ये माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांना आपली भाषा येत होती. १९७५ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मुलांशी इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांना आपल्या भाषेची लाज वाटत होती, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या पाठीवर उठलेले वळ मुलांच्या पाठीवर उठू नयेत, एवढीच अनेकांची इच्छा होती. भाषा गेली ती पुष्कळदा वात्सल्यापोटी.

१९७२ साली माओरी तरुणांनी ३० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे ठेवला आणि शाळांतून माओरी शिकविण्याची मागणी केली. परंतु आठवड्यातून काही तास शिकविलेला विषय ही घराची भाषा होऊ शकत नाही. आईबापांना भाषा येत नव्हती, आजीआजोबांना येत होती आणि त्यांचे वय झाले होते. तेव्हा मधली पिढी ओलांडून नातवंडांना थेट आजीच्या हवाली करावे, हा विचार पुढे आला. माओरी व्यवहार खात्याने त्याला बळ दिले आणि इरिताना ताफीफीरांगी यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रियांनी तो गावोगाव नेला.

या बालशाळांत काय शिकवितात, याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या तक्त्यात मावणारे नाही. मूल आपले नाव सांगण्याआधी आपला डोंगर, आपली नदी आणि आपले कूळ सांगावयास शिकते. पाहुणा आला की त्याचे स्वागत कसे करावयाचे, प्रार्थना केव्हा म्हणावयाची, गाण्यात सूर कसा मिळवावयाचा, हे ते पाहून उचलते. जेथे अन्न ठेवावयाचे त्या टेबलावर बसू नये, दुसऱ्याच्या मस्तकाला हात लावू नये, कारण मस्तक पवित्र आहे, या गोष्टी आजी ज्या शब्दांत सांगते त्या शब्दांसकटच मुलाच्या मनात उतरतात. ‘फानाऊ’ या शब्दाचे भाषांतर ‘कुटुंब’ असे होते खरे, पण त्यात चुलते, मावश्या, शेजारी, दिवंगत पूर्वज असे सारेच येतात. कोहांगाचा कारभार पाहणाऱ्या मंडळालाही फानाऊच म्हणतात. मुलाला घेऊन येणाऱ्या आईने केवळ फी भरून निघून जावे, ही तेथली रीत नव्हे. तिने थांबावे, हात लावावा, आणि जमल्यास मुलाच्या बरोबरीने चार शब्द शिकावेत, अशी अपेक्षा असते.

हे लोण प्रशांत महासागरात दूरवर गेले. हवाईमध्ये १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजीच केले होते. १९८३ साली तेथे ‘पूनाना लेओ’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या नावाचाही अर्थ भाषेचे घरटे असाच. १९८४ मध्ये कौआई बेटावर तिची पहिली बालशाळा निघाली आणि लगेच अडचण उभी राहिली. ज्या वृद्धांच्या तोंडी अस्सल हवाईयन होती, त्यांच्यापाशी बालशिक्षणाचे प्रमाणपत्र नव्हते. पालकांनी विधिमंडळाचे उंबरठे झिजवले, आणि १९८६ साली माध्यमावरील जुनी बंदी उठवून घेतली. प्रमाणपत्राच्या अटीतूनही सूट मिळविली.

न्यूझीलंडमध्ये मात्र हीच मेख उलट्या बाजूने बसली. १९८७ मध्ये माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला. १९९० पासून कोहांगा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत आल्या. यात आनंद मानावा असे पुष्कळ होते. पण खात्याची दृष्टी इतर बालवाड्यांवर बेतलेली होती. नोंदणीकृत शिक्षक किती, हे पाहून अनुदानाचा दर ठरू लागला, आणि कुटुंबांनी चालविलेल्या कोहांगांच्या वाट्याला कमी दर आला. मुलांची संख्या ओसरत गेली. वाइटांगी न्यायाधिकरणाने २०१२ साली निर्णय दिला की सरकारने या संस्थांच्या रक्षणाचे आपले कर्तव्य पुरेसे पाळलेले नाही. पदवीला विरोध करण्याचे कारण नाही. लहान मुलांच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी नियम हवेतच. तथापि ज्या भाषेला विद्यापीठांनी दीर्घकाळ जवळ केले नाही, तिच्या जाणकारांकडे विद्यापीठाचा कागद मागणे हा न्याय उफराटा आहे.

यावर असा आक्षेप घेतला जातो की एवढे करूनही फळ काय मिळाले? २०२३ च्या जनगणनेत माओरी बोलू शकणारे लोक २ लाखांहून थोडे अधिक, म्हणजे देशाच्या लोकसंख्येत ४ टक्क्यांच्या जवळपास होते. आकडा लहान आहे. शिवाय पाच वर्षांचे मूल कोहांगातून इंग्रजी प्राथमिक शाळेत गेले की वर्षभरात भाषा विसरते, हा अनुभवही पालकांनी घेतला. त्यातूनच १९८५ मध्ये ऑकलंडला माओरी माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली. म्हणजे घरट्याला फांदी मागाहून मिळाली. पण कोहांगा निघाल्याच नसत्या तर आज हा आकडा कोणाच्या तोंडून मोजला असता, याचाही विचार आक्षेप घेणाऱ्यांनी करावयास हवा.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेली, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे तत्त्व त्यांनी घालून दिले. अंगणात गेलेल्या शाळेने अंगणातली भाषा कितपत घेतली, हा पुढचा प्रश्न अजून शिल्लक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे लिहिले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने त्याआधीच, २०१९ साली, गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली होती. ती बालवाडी नव्हे, प्राथमिक शाळा. पण गावाने आपल्या भाषेसाठी आपल्या हिमतीवर उभी केलेली. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरविणारी नोटीस बजावली. हवाईतल्या पालकांना विधिमंडळाने १९८६ साली जे दिले, ते येथे कोणाकडे मागावयाचे, हे त्या ग्रामसभेला सांगणारे धोरण अद्याप लिहिले गेलेले नाही.