चंद्राला कोणत्या रकान्यात घालायचं?

उजेड देणाऱ्या वस्तू सांगा म्हटलं की लहान मुलं सूर्य, दिवा, मेणबत्ती सांगतात आणि हमखास चंद्रही. फळ्यावर ‘स्वतःचा उजेड’ आणि ‘उसना उजेड’ असे दोन रकाने करून कितीही समजावलं तरी हा चंद्र पहिल्या रकान्यातून हलत नाही. भुईगावात तो नाताळात हलवता येईल. तेव्हा वसईच्या या पट्ट्यात घरांवर बल्बचे तारे लागतात आणि झाडांवर चमकते गोळे. रात्री झाडाची माळ बंद करायची, खोलीतले दिवे मालवायचे (रस्त्यावरचा उजेड आत येत असेल तर खिडकीही लावायची). बाहेरचा तारा उजळलेलाच राहतो, गोळा मात्र गायब. मग बॅटरीचा झोत गोळ्यावर टाकायचा, की तो पुन्हा चमकतो: उजेड उसना. चंद्रही तसाच, फक्त त्या गोळ्याइतकाही चकचकीत नाही. अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम 12 टक्के तो परतवतो, जवळजवळ जुन्या डांबरी रस्त्याएवढा. तरी पौर्णिमेला सुरूच्या झाडांच्या सावल्या पडतात! मुलांना हे पटत नाही आणि चटकन पटू नयेच, खरे प्रश्न तिथून सुरू होतात. मांजराचे डोळे? उसना उजेड, डोळ्याच्या पडद्यामागचा थर तो परतवतो. काजवा? स्वतःचा. आणि आपल्या किनाऱ्यावर एखाद्या रात्री लाटा निळ्या चमकतात, ते नॉक्टिलुका नावाचे सूक्ष्मजीव. पाणी ढवळलं की तेही स्वतःच उजळतात.