रिकामी जागा कोणी भरली?

यंत्राने जुळविलेल्या पद्यपंक्तींना कलेचा दर्जा द्यावा, कारण वृत्त म्हणजे गणांचा हिशेब आणि प्रतिभा म्हणजे संचित शब्दांची फेरमांडणी, असे एका व्यासंगी गृहस्थांनी नुकतेच मोठ्या हिरीरीने प्रतिपादिले आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ दाखला दिला आहे तो निरोष्ठ रामायण रचणाऱ्या मोरोपंतांचा, व त्याहून धाडसाने जात्यावरच्या ओवीचा, की जिच्यात भावाच्या नावापुरती जागा मोकळी ठेवून बाकीचा साचा पिढ्यान्‌पिढ्या तसाच फिरत असतो.

मोरोपंतांपुरते बोलावयाचे तर ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करण्याचा निर्बंध त्यांनी आपण होऊन स्वतःवर घालून घेतला होता. यंत्रावर तो दुसऱ्याने लादलेला असतो. वाचकास फरक ओळखता येत नाही, ही सबब तर खोट्या नाण्याचीही वकिली करील.

ओवीचा दाखला मात्र मला झोंबला. साचा असतो, हे मला कबूल आहे. १९५२ साली क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी मँचेस्टरच्या संगणकाकडून प्रेमपत्रे लिहविली, तेव्हाही वाक्याचा सांगाडा ठरलेला, नामाविशेषणांच्या जागा रिकाम्या आणि त्या भरणारा शब्द यादीतून यदृच्छेने उचललेला, असाच प्रकार होता. परंतु दुसरा शब्द पडला असता तरी त्या यंत्राचे काहीएक बिघडले नसते. माझी आजी पहाटे दळावयास बसली, की तिच्या ओवीत धाकट्या भावाचे तीन अक्षरी नाव येई. तो तापाने गेल्यावर तिने ती ओवी टाकली नाही. पण त्या जागेपाशी आली, की खुंट्यावरचा हात क्षणभर थांबे आणि नावाऐवजी ती नुसते ‘भाऊ’ म्हणे. एक अक्षर कमी पडून चाल लंगडे; ती तिने कधीच दुरुस्त केली नाही. गणांच्या हिशेबात हा दोष ठरतो.

याच तागडीने एके काळी मुक्तछंदास काव्याच्या पंगतीतून उठविण्यात आले होते. वृत्त नाही म्हणून काव्य नाही, हा तेव्हाचा निवाडा. वृत्त साधले म्हणून काव्य झाले, हा आजचा.

शब्द निवडल्याने ज्यास काही लाभते वा ज्याचे काही हरपते, असा कोणी निवडीमागे उभा असेल तेथेच कला संभवते, असे माझे मत आहे. रेमों केनो यांनी १९६१ साली १० सुनीतांच्या १४-१४ ओळी सुट्या करून त्यांतून कोटीच्या कोटीपट सुनीते संभवतील अशी योजना केली, तिला मी कला मानतो. ती, कोणतीही ओळ कोणत्याही सुनीतात बसावी म्हणून केनो यांनी वेचलेल्या श्रमांमुळे. यंत्राच्या शेकडो ओळी नाकारून एखादी राखणाऱ्या कवीसही मी हेच श्रेय देईन.

त्या गृहस्थांनी यंत्राची कैफियत खुशाल मांडावी. ओवीचा दाखला मात्र मागे घ्यावा, एवढी माझी त्यांना विनंती आहे.