आयकॉनवरचा छोटासा बाण

"अगं, डेस्कटॉपवरचा फोटोंचा फोल्डर उघडतच नाहीये. सगळं गेलं का?" रविवारी नातेवाइकांचा असा फोन आला, की मी आधी एकच विचारते, "चित्राच्या डावीकडे खालच्या कोपऱ्यात छोटासा बाण दिसतोय का?" उत्तर 'हो' आलं, तर बहुतेक वेळा फोटो जागच्या जागी असतात.

तो बाण ही शॉर्टकटची खूण. विंडोजमध्ये शॉर्टकट आले १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर. शॉर्टकट म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. 'खरी फाइल अमुक ड्राइव्हच्या अमुक फोल्डरमध्ये आहे', एवढंच त्यात लिहिलेलं असतं. म्हणून तिचा आकारही जेमतेम एक-दोन केबी. दांडिया बाजारातला वाडा सोडून मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये गेलेली कितीतरी घरं आपल्यात आहेत. जुन्या पत्त्यावरचं पत्र परत आलं, म्हणून माणसं हरवली असं आपण म्हणत नाही. तसंच हे.

पत्ता कुठे चुकलाय ते बघायला त्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि 'टार्गेट' ही ओळ वाचा. घरच्या कॉम्प्युटरवर सहसा तीनपैकी एक कारण निघतं.

पहिलं, कोणीतरी फोल्डर हलवला, त्याचं नाव बदललं किंवा तो प्रोग्रामच काढून टाकला. त्याच डिस्कवर फाइल हलवली असेल, तर विंडोज बऱ्याचदा तिला स्वतःच शोधतं. पण दर वेळी जमत नाही.

दुसरं, पत्ता 'ई' किंवा 'एफ' ड्राइव्हचा आहे आणि ती बाहेरची हार्ड डिस्क जोडलेलीच नाही. किंवा जोडली आहे, पण या वेळी तिला वेगळं अक्षर मिळालंय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत देता येतं.

तिसरं कारण हल्ली वाढलंय. वनड्राइव्हचा बॅकअप सुरू केला, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातात. घर तेच, पण गल्लीचं नाव बदललं!

उपाय सोपा आहे. खरी फाइल सर्चमधून शोधा. तिच्यावर राइट क्लिक करून 'सेंड टू'मधून 'डेस्कटॉप' निवडा, नवी चिठ्ठी तयार. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. मग जुनी चिठ्ठी खुशाल डिलीट करा; तिने खऱ्या फाइलला धक्का लागत नाही. मात्र बाण नसलेलं काहीही डिलीट करू नका. ती खरी वस्तू असू शकते.

शॉर्टकट चालतो, पण चित्र नुसतं पांढरं दिसतं? मग पत्ता बरोबर आहे. विंडोजने साठवून ठेवलेल्या चित्रांचा गोंधळ झालाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'विंडोज एक्सप्लोरर' निवडा आणि 'रीस्टार्ट' करा. खालची पट्टी क्षणभर नाहीशी होईल, घाबरू नका. आणि सगळेच आयकॉन गायब असतील, तर रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'व्ह्यू'मध्ये 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर टिक आहे का ते पाहा. घरात लहान मूल असेल, तर आधी हेच बघा.

ही चूक मोठ्यांकडूनही होते. १३ जानेवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका सदोष अपडेटने अनेक कंपन्यांच्या कॉम्प्युटरवरचे शॉर्टकट पुसून टाकले. लोकांना वाटलं, प्रोग्रामच उडाले. प्रोग्राम होते तिथेच होते, फक्त चिठ्ठ्या गेल्या होत्या.

इथवर सगळं दुरुस्त होण्यासारखं. खरा धोका उलट बाजूने येतो, चिठ्ठीलाच घर समजण्यात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरी जुने कॉम्प्युटर बदलायला निघाले. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी डेस्कटॉपवरचं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. घेतलेलं नीट आलंय ना, म्हणून त्याच कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधून उघडूनही पाहिलं. फोटो दिसले. काकांचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते ते. नव्या लॅपटॉपवर मात्र एकही उघडेना, कारण पेनड्राइव्हवर गेले होते फक्त शॉर्टकट. जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडले, कारण त्या चिठ्ठ्यांवरचा पत्ता त्याच कॉम्प्युटरचा होता. तोवर जुनी डिस्क भंगारवाल्याकडून पुढे गेली होती.

काकूंनी तपासलं नाही असं नाही. तपासलं, पण जिथे चिठ्ठी खरी ठरणारच होती तिथे तपासलं. आपल्या घरांमध्ये हे काम बहुतेक वेळा तरुण मुलामुलींवर येतं, म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. आई-बाबांचा किंवा आजोबांचा कॉम्प्युटर बदलताना दोन गोष्टी करा. पेनड्राइव्हवर जे घेतलंय ते निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' बघा. हजारभर फोटो काही केबीत मावत नाहीत. आकडा जीबीत किंवा निदान शेकडो एमबीत हवा. मग तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधले पाच-सहा फोटो उघडून बघा.

आणि तेही झाल्यावर जुनी हार्ड डिस्क लगेच देऊ नका. महिनाभर कपाटात राहू द्या. तेवढ्यात कोणाला तरी एखादी जुनी फाइल आठवतेच.