कोळसा जाईल, कंत्राटी कामगाराचे काय?

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला. जुने छोटे संच मात्र एकेक करून भंगारात निघत आहेत. भारताने २०२१ साली ग्लासगोच्या जागतिक परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य कार्बनचा शब्द दिला आहे. म्हणजे कोळशावरची वीज आज ना उद्या आटणार. प्रश्न एवढाच आहे, की तिच्याबरोबर कोणाची चूल विझणार?

कायम कर्मचाऱ्याची बदली दुसऱ्या केंद्रात होते. कोळसा उतरवणारा, राख उपसणारा, सफाई करणारा कंत्राटी कामगार कुठे जाणार? तो बहुतांशी आपल्याच वस्त्यांतला. कायम भरतीत आरक्षण होते, कंत्राटात ते नाही. फेकरी, वेल्हाळे परिसराच्या वाट्याला मात्र राख आली.

भुसावळला हे नवे नाही. इथे वाफेच्या इंजिनांचे मोठे शेड होते. वाफ गेली, पण रेल्वेचा कामगार कायम होता, त्याच्या पाठीशी युनियन होती. म्हणून रेल्वेला त्याला दुसरे काम द्यावे लागले. कंत्राटी कामगाराकडे यातले काय आहे? ठेकेदाराची मुदत संपली म्हणून काम गेले, तर कायदा त्याला कपात मानेलच असे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. पण मुळात कपातच मानली नाही, तर ही रक्कम मिळणार कशी?

जगाने यावर विचार केला आहे. १९५१ साली फ्रान्स, जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा व पोलाद समुदायाचा करार केला. कोळसा-पोलादाच्या उत्पादनावर कर बसवून, खाण बंद पडलेल्या कामगारांना निर्वाहभत्ता, प्रशिक्षण व स्थलांतराचा खर्च देण्याची सोय त्यात होती. कालपर्यंत एकमेकांचे रक्त सांडणारे देश कामगारासाठी एकत्र आले!

उलट बाजूही पाहा. दक्षिण आफ्रिकेला २०२१ साली श्रीमंत देशांनी साडेआठ अब्ज डॉलर देऊ केले. त्यात अनुदान जेमतेम ४ टक्के, बाकी बहुतेक कर्ज. २०२२ साली कोमाटीचे वीज केंद्र बंद झाले, पण पर्यायी रोजगार वेळेत उभा राहिला नाही. २०२५ साली अमेरिकेने तर या करारातून अंगच काढून घेतले. श्रीमंतांच्या दयेवर गरिबांचे पुनर्वसन होत नसते.

आणि आपल्याला युरोपकडे तरी का पाहावे लागावे? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या खाणींत स्वतः उतरले. १९४४ साली कोळशावर उपकर बसवून खाणकामगारांच्या घरांसाठी, आरोग्यासाठी कल्याण निधी उभा केला. युरोपच्या करारापूर्वी सात वर्षे! स्वतंत्र भारताने काय केले? २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. नाव स्वच्छ ऊर्जेचे. २०१७ नंतर तो पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच रद्द झाला. कोळसा उपसणाऱ्या, जाळणाऱ्या हातांसाठी त्यातून स्वतंत्र निधी उभा राहिला नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. कोळशाच्या करातला ठराविक हिस्सा कामगारांच्या पुनर्वसनासाठी राखून ठेवा. कंत्राटी कामगारांची नावे, सेवेची वर्षे संच बंद होण्याआधी नोंदवा. पर्यायी प्रकल्पाच्या भरतीत त्यांना आणि राखेने बाधित गावांना पहिला हक्क द्या. परदेशी निधी आला तर तो कर्ज म्हणून नव्हे, भरपाई म्हणून यावा, आणि त्याचा हिशेब कामगारांच्या प्रतिनिधींसमोर व्हावा.

पर्यावरणाच्या नावाने होणारा बदल जातिव्यवस्थेला धक्का न लावता झाला, तर सूर्याच्या विजेवरही जुनीच उतरंड उभी राहील. दीपनगरच्या कामगारांनी आजच हजेरीपट, वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचे कागद जपून ठेवावेत. संच बंद पडल्यावर पुरावा मागितला जाईल, आणि तेव्हा ठेकेदार सापडणार नाही.

जय भीम!