ब्लँडिंग्जचा तोतया

पी. जी. वुडहाउसच्या 'लीव्ह इट टू स्मिथ' (१९२३) या कादंबरीवर तुम्ही भरभरून लिहिलंत आणि कडाडून भांडलातही. लॉर्ड एम्सवर्थ भलत्याच तरुणाला, म्हणजे स्मिथला, कवी समजून ब्लँडिंग्ज या आपल्या वाड्यावर नेतो, हे अनेकांना पटलेलं नाही. मला ते पुरेपूर पटतं. पाहुण्या कवीला क्लबात तसाच बसवून जो गृहस्थ समोरच्या दुकानातली फुलं बघायला जातो, त्याला परतल्यावर खुर्चीतला माणूस बदललेला कळणारच नाही.

हिऱ्यांच्या हाराच्या चोरीचा भाग कच्चा आहे, असंही काहींचं म्हणणं. मग एम्सवर्थच्या सेक्रेटरीचं, बॅक्स्टरचं काय? हार खरोखरच कुंडीत दडवलेला असतो आणि त्याचा संशय बरोबर दिशेनं चाललेला असतो. पण रात्री तो वाड्याबाहेर अडकतो, अंगात लिंबू रंगाचा पायजमा. मालकाला उठवायला खिडकीतून कुंड्या फेकतो आणि वेडा ठरून नोकरी गमावतो. तोतया मात्र राहतो! हसता हसता बॅक्स्टरबद्दल जीव कळवळला, असं लिहिणाऱ्यांशी मी मनापासून सहमत आहे. त्यांची पत्रं या अंकात सर्वांत आधी घेतली आहेत.