जड पाण्यात मासे जगतील का?

अहिल्यानगर जिल्ह्यात बोअरच्या पाण्याला सर्रास ‘जड पाणी’ म्हणतात. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, वुजूच्या नळावर पांढरा थर बसतो. मुले मात्र विज्ञानाच्या पुस्तकात वाचतात की, जड पाणी अणुभट्टीत वापरतात. मग घरात प्रश्न निघतो, आपण पितो ते हेच पाणी का? ते शेततळ्यात भरले तर मासे जगतील का?

नाव एकच असले तरी ही दोन पाणी अगदी वेगळी आहेत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. त्याचे शास्त्रीय नाव कठीण किंवा दुष्फेन पाणी. अणुभट्टीतल्या जड पाण्याचा वेगळेपणा क्षारांत नसतो, तर पाण्याचा मूळ घटक असलेल्या हायड्रोजनमध्ये असतो. या दुप्पट वजनाच्या हायड्रोजनला ड्युटेरियम म्हणतात. अमेरिकेतील हॅरॉल्ड युरी यांनी 1931 मध्ये तो शोधला आणि 1934 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे पाणी साध्या पाण्यासारखेच दिसते, पण सुमारे एक दशांशाने वजनदार असते आणि 3.8 अंश सेल्सिअसलाच गोठते. ते किरणोत्सारी नसते. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातील थळ येथे त्याचा कारखाना आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत ते वापरतात.

आता माशांचे पाहू. 1933 मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील संशोधकांनी गप्पी मासे आणि बेडकाची पिल्ले शेकडा 92 भाग जड पाण्यात सोडली. काही तासांतच ती मेली. ड्युटेरियमचे रासायनिक बंध तुटायला जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे शरीरातल्या क्रिया मंदावतात आणि पेशींचे विभाजन थांबते. उंदरांच्या शरीरातले निम्मे पाणी असे बदलले तर तेही वाचत नाहीत. क्लोरेलासारखी हिरवी शेवाळे मात्र चिवट निघाली. आरगॉन येथील प्रयोगशाळेत हळूहळू सवय लावल्यावर ती जवळजवळ शुद्ध जड पाण्यातही वाढली.

म्हणजे सगळा प्रश्न प्रमाणाचा आहे. नदी, विहीर, बोअर, कुठल्याही पाण्यात थोडे ड्युटेरियम असतेच. 15 लिटरच्या बादलीत ते साधारण अर्धा चमचा जड पाण्याइतके भरते. त्याने माशांना किंवा आपल्याला काहीही होत नाही.

तेव्हा शेततळ्यात बोअरचे पाणी घ्यायला हरकत नाही. कटला, रोहू, मृगळ कठीण पाण्यात चांगले वाढतात, कारण हाडांसाठी आणि खवल्यांसाठी त्यांना कॅल्शियम लागतेच. मात्र जमिनीखालून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून ते उंचावरून पडू द्यावे, काही दिवस उघड्यावर राहू द्यावे आणि मगच मत्स्यबीज सोडावे.

पिण्याच्या पाण्याचे माप वेगळे आहे. भारतीय मानकानुसार त्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. नायट्रेट आणि फ्लोराइड तर चवीवरूनही कळत नाहीत. म्हणून बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावे. घरात लहान मुले असतील तर हे काम पुढे ढकलू नये.